नकाशातली रेघ : मोजलेली की भरलेली?

छत्रपती संभाजीनगरात राहून समुद्रतळावर पीएचडी करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "इथे समुद्र कुठाय?" समुद्र नाही, पण नातं आहे. वेरूळची लेणी ज्या दख्खनच्या बेसाल्टात कोरली, तो खडक मुंबईच्या पुढे अरबी समुद्राखालीही सापडतो. त्या तळाचा नकाशा कसा घडला, ते आज बघू.

पूर्वी दोराला वजन बांधून खोली मोजायचे. खोल समुद्रात एका मोजणीलाच तासन्‌तास जात. मग प्रतिध्वनीचं तंत्र आलं. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. प्रतिध्वनी 4 सेकंदांनी परतला, तर खोली सुमारे 3000 मीटर. 1933-34 मध्ये सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्रात अशाच नोंदी घेतल्या.

पण जहाज जिथून गेलं, तेवढ्याच रेषेवरची खोली कळते. दोन रेषांमध्ये काय आहे? इथे दोन वाटा दिसतात. मेरी थार्प आणि ब्रूस हीझन यांनी विरळ नोंदींना भूशास्त्रीय तर्काची जोड दिली आणि 1964 मध्ये अख्ख्या हिंदी महासागराच्या तळाचं चित्र मांडलं. उलट 1962 मध्ये ड्रमंड मॅथ्यूज यांनी 'ओवेन' जहाजावरून कार्ल्सबर्ग रिजचा एक छोटा तुकडा दाट रेषांनी पिंजून काढला, चुंबकीय मोजणीसह. त्याच आधारावर 1963 चा व्हाइन-मॅथ्यूज निबंध उभा राहिला आणि समुद्रतळ पसरतो या कल्पनेला बळ मिळालं. दोन्ही कामं मोठी. फरक इतकाच, की कुठलं काय सांगतं हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

आपल्याकडे 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली. पहिले संचालक एन. के. पणिक्कर. पुढे 'सागर कन्या' जहाज आलं. मुंबईच्या पश्चिमेला, लक्ष्मी खोऱ्यातल्या समुद्रपर्वतांना रामन, पणिक्कर आणि वाडिया ही नावं 1990 च्या दशकात मिळाली. यातला वाडिया हा 'गयोट', म्हणजे सपाट माथ्याचा समुद्रपर्वत. आपल्याकडचे सपाट माथ्याचे डोंगर आठवले ना? पण इथे सावध राहा. आपल्याकडचा माथा लाव्ह्याच्या आडव्या थरांमुळे सपाट. गयोटचा सहसा लाटांनी झिजून, नंतर खाली बुडालेला. आकार सारखा म्हणून प्रक्रिया सारखी नसते.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मी 'गेब्को'च्या तयार जागतिक डेटावरून एक छेद काढला. त्यात एक छान उंचवटा दिसला, त्यावर दोन पानं लिहून मोकळी झाले. सरांनी एवढंच विचारलं, "हे मोजलेलंय की भरलेलं?" गेब्कोसोबत प्रत्येक चौकटीचा स्रोत सांगणारा वेगळा थरही मिळतो. तो मी उघडलाच नव्हता. उघडला, तर तिथून एकही जहाज गेलेलं नव्हतं. ती खोली उपग्रहाने टिपलेल्या गुरुत्वाकर्षणावरून काढलेला अंदाज होती. दोन पानं गेली.

आजही जगाच्या समुद्रतळाचा प्रत्यक्ष मोजलेला भाग साधारण एक चतुर्थांशच आहे. उरलेला बराचसा अंदाज. अंदाज वापरायला हरकत नाही, पण प्रबंधात त्याला अंदाजच म्हणा. विषय कुठलाही असो, डेटा उतरवून घेतलात की आलेख काढण्याआधी त्याचा स्रोत बघा. माझी दोन पानंच गेली, तुमचं प्रकरण जायला नको.