ग्रामसेवकाला कोणी शिकवलं?

घरकुलाची यादी असो, दाखला असो की नळाची पाइपलाइन, आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "भाऊसाहेब आले का?" भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. हा माणूस गावात आला कुठून, त्याला काय शिकवून पाठवलं होतं आणि त्या शिकवणीचं पुढे काय झालं, ते आज सांगते. शेवटी ही गोष्ट आपल्यापर्यंतच येणार आहे.

'ग्रामसेवक' हा शब्द तसा जुना. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तिथे मगनवाडीत गांधीजींचे सहकारी जे. सी. कुमारप्पा गावात जाऊन काम करणारी तरुण मंडळी तयार करत होते. पण सरकारी पगारावरच्या ग्रामसेवकाची गोष्ट सुरू होते उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात.

अल्बर्ट मेयर नावाचे एक अमेरिकन नगररचनाकार दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे इंजिनिअर म्हणून भारतात आले होते. त्यांची पंडित नेहरूंशी भेट झाली आणि गावांच्या सुधारणेवर बोलणं झालं. त्यातून १९४८ मध्ये इटाव्यातल्या महेवा इथे प्रयोग सुरू झाला. सुरुवातीला ६४ गावं घेतली. तोवर गावात शेतीचा माणूस वेगळा, आरोग्याचा वेगळा, सहकाराचा वेगळा. प्रत्येकजण आपापलं सांगून निघून जायचा. मेयर म्हणाले, चार-पाच गावांना मिळून एकच माणूस द्या. तो गावात राहील, सगळ्या खात्यांचं काम जोडून देईल आणि आधी लोकांचं ऐकेल.

असा माणूस तयार कसा करायचा? खेड्यात वाढलेली मुलं निवडली. त्यांना शेतातलं काम हाताने करायला लावलं. नवं बियाणं सांगायचं तर आधी एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात ते पेरून दाखवायचं. 'पंजाब ५९१' हा गहू तिथे असाच पसरला. गावातले लोक काय विचार करतात, कुठली गोष्ट का नाकारतात, हे अभ्यासायला वेगळा माणूस नेमला होता.

मेयर यांचा सगळ्यात मोठा आग्रह मात्र वेगळाच होता. साहेबासमोर ग्रामसेवकाला तोंड उघडता येत नसेल, तर तो गावकऱ्यांना तोंड कसं उघडू देईल? म्हणून बैठकीत खालच्या कर्मचाऱ्याने वरच्याला प्रश्न विचारायचे, चूक दाखवायची, अशी पद्धत त्यांनी घालायचा प्रयत्न केला. लोकशाही शिकवायची तर ती आधी कचेरीत यायला हवी, असा त्यामागचा विचार होता.

हा प्रयोग दिल्लीला पसंत पडला. १९५२ च्या जानेवारीत भारत आणि अमेरिका यांच्यात मदतीचा करार झाला आणि २ ऑक्टोबर १९५२ ला देशात ५५ ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. ग्रामसेवकांच्या प्रशिक्षण केंद्रांना अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने पैसा दिला. पुढच्याच वर्षी ती पद्धत देशभर न्यायची असं ठरलं. एका गटात म्हणजे ब्लॉकमध्ये साधारण शंभर गावं. त्यांना दहा ग्रामसेवक आणि दोन ग्रामसेविका.

दोनच ग्रामसेविका, हे लक्षात घ्या. शंभर गावांतल्या सगळ्या बायकांसाठी दोघी! आणि त्यांना शिकवायचे ते बहुतेक गृहविज्ञान: स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन, धूर न होणारी चूल. बाईला शेतीतलं कळतं, पंचायतीतलं बोलायचं असतं, हे त्या अभ्यासक्रमात फारसं नव्हतंच.

घाईने पसारा वाढला आणि इटाव्याचा गाभा मागे पडला. किती खतखड्डे, किती पोती बियाणं, हे आकडे वर पाठवणं हेच काम होऊन बसलं. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने तपासणी केली आणि स्पष्ट सांगितलं, की लोक या कामात मनापासून उतरलेले नाहीत. अधिकार लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती द्या, असं तिने सुचवलं. त्यातून पंचायत राज आलं. आपल्या महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या.

मेहता समितीने पंचायत समितीत दोन स्त्रिया घ्याव्यात असंही म्हटलं होतं, पण निवडून नव्हे, स्वीकृत म्हणून. खुर्ची मिळाली, आवाज मिळाला नाही. १९७४ मध्ये देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल आला, त्यातही हे दुखणं मांडलं होतं.

मग महाराष्ट्राने १९९० मध्ये स्त्रियांना ३० टक्के जागा राखून ठेवल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांच्या. आता शिकवायचं कोणाला, हा प्रश्नच बदलला. चाळीस वर्षं प्रशिक्षण नोकरदाराला मिळत होतं. आता अंगठा करणारी सरपंचही प्रशिक्षणाला बसू लागली. आपल्या राज्यात पुण्याची यशदा हे काम करते. कर्नाटकात नव्वदच्या दशकात उपग्रहाद्वारे वर्ग भरवले. ठिकठिकाणी टीव्हीसमोर बसलेल्या महिला सदस्य फोनवरून थेट प्रश्न विचारत होत्या. शिकणारीने प्रश्न विचारायचा, ही इटाव्याचीच रीत.

आता आपल्या गावाकडे या. प्रशिक्षणाचं पत्र येतं, बाई जाते, सही होते, जेवण होतं आणि पुस्तिका फडताळात जाते. कधी तर बाईच्या जागी तिचे मालकच जाऊन बसतात. असं शिक्षण कोणाच्या कामाचं?

म्हणून बायांनो, तीन गोष्टी करा. आपल्या गावची महिला सदस्य प्रशिक्षणाहून आली, की तिला गटाच्या बैठकीत बोलवा आणि काय शिकलीस ते सांग म्हणा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, ती कागदावर होऊ देऊ नका, सगळ्याजणी जाऊन बसा. आणि तिथे भाऊसाहेबांना विचारा, की ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात, ते गेल्या वर्षी कुठे खर्च झाले? हिशेब वाचून दाखवा म्हणा.

ते रागावले तर घाबरू नका. लोकांचं ऐकायला शिकवूनच त्यांचा पहिला पूर्वज गावात पाठवला होता. त्या शिक्षणाची आठवण त्यांना करून द्यायची, तर ती आपणच द्यायला हवी.