रामशास्त्र्यांचा निर्णय : दंड कीं प्रायश्चित्त?

माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. सांगलीस जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं ती १९०९ सालीं ‘भाऊबंदकी’ नाटकाच्या द्वारें रंगभूमीवर आणिली. तेव्हांपासून शास्त्रीबोवांची मूर्ति लोकांच्या डोळ्यांपुढें बहुधा नाटकांतलीच उभी राहते. त्या निर्णयाचें स्वरूप नेमकें काय होतें, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

ह्या विचारास ग्रीकांचें एक उदाहरण उपयोगी पडतें. अथेन्सचा कवि ईस्किलस याची ‘ओरेस्टिया’ ही नाटकत्रयी इ. स. पूर्वीं ४५८ मध्यें झाली. तींत बापाचा खून आईनें केला म्हणून मुलगा आईस मारितो, आणि मातृहत्येबद्दल सुडाच्या देवता त्याच्या पाठीस लागतात. हत्येस हत्या हें उत्तर थांबावें कोठें? कवीनें प्रकरण अरिओपागस टेकडीवरील नागरिकांच्या न्यायसभेपुढें नेलें. मतें समसमान पडून आरोपी सुटला, व खवळलेल्या देवतांस नगरांतच मानाचें स्थान मिळालें. सुडाचा हक्क नगरानें कुळाकडून काढून घेतला, पण सुडाच्या भयास हद्दपार केलें नाहीं.

आतां पुण्याकडे वळूं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावास मारिलें, आणि पेशवेपद चुलत्याकडे गेलें. सूड घेण्यास पुत्र नव्हता. गंगाबाई गरोदर होत्या. कुळांतील ज्या वडील पुरुषाकडे दाद मागावयाची, तोच संशयित! साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथांत हकीकत आहे ती अशी : शास्त्रीबोवांच्या हातीं सुमारें सहा आठवड्यांत पुरावा आला, दादांनीं पुतण्यास धरण्याचा हुकूम दिल्याचें कबूल केलें, आणि मूळ कागदांत ‘धरावें’चें ‘मारावें’ झालेलें आढळलें. हा फेरफार आनंदीबाईंचा, ही समजूत फार दृढ आहे. परंतु डफनेंही ती समजूत म्हणूनच नोंदली असून, घटनेनंतर अर्धशतकानें लिहिलेल्या मजकुरावरून एका बाईस दोषी ठरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

निर्णयांतील शब्द मात्र लक्षांत घेण्याजोगा आहे. दंड राजसत्तेनें द्यावयाचा असतो, आणि राजसत्ता तर आरोपीच्याच हातीं. प्रायश्चित्त हें दोषी माणसानें आपण होऊन घ्यावयाचें. अथेन्सच्या सभेच्या पाठीशीं नगर उभें होतें. पुण्याच्या न्यायाधीशापाशीं शब्दाखेरीज दुसरें साधन नव्हतें. तो उच्चारून, दादांच्या कारकीर्दींत पुण्यांत पाऊल टाकणार नाहीं असें सांगून, ते वाईजवळच्या एका खेड्यांत जाऊन राहिले.

पुढचें काम बारभाईंनीं केलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बालकाच्या नांवानें पेशवाईचीं वस्त्रें आलीं. हा उठाव न्यायासाठीं होता कीं कारभाऱ्यांच्या हितासाठीं, हा वाद जुना आहे. आमच्या मतें दोहोंसाठीं. पण शास्त्रीबोवांचा निर्णय आधीं झाला नसता, तर हितास न्यायाचें नांव देणें बारभाईंस इतकें सोपें गेलें नसतें. त्यांनीं शास्त्रीबोवांस पुण्यास आणून पुन्हा न्यायासनावर बसविलें. राघोबादादा १७८३ मध्यें कोपरगांवीं आजारानें वारले; सांगितलेलें प्रायश्चित्त त्यांनीं अखेरपर्यंत घेतलें नाहीं, आणि तें घ्यावयास लावण्याचा प्रयत्न बारभाईंनींही केला नाहीं.