हृदयावरची चरबी : साक्षीदार की आरोपी?

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझा बीएमआय २२ आला. म्हणजे डिस्टिंक्शनच! त्या आनंदात खाली टपरीवर जाऊन दोन वडापाव हाणले. मग शनिवारी वाचता वाचता हृदयावरच्या चरबीच्या इतिहासात शिरलो आणि आनंद जरा ओसरला. का ते सांगतो, पण त्यासाठी अडीचशे वर्षं मागं जावं लागेल.

१७६८ साली इंग्लंडमध्ये विल्यम हेबर्डन या डॉक्टरनं एका दुखण्याचं वर्णन केलं. चालताना छाती आवळून येते, थांबलं की बरं वाटतं. नाव दिलं 'अंजायना पेक्टोरिस'. आजाराला नाव मिळालं, पण कारण सापडेना. शवविच्छेदनात एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरायची, ती म्हणजे हृदयावरची भरपूर चरबी.

इथं एन्ट्री होते एडवर्ड जेन्नरची. हो, तोच देवीच्या लशीवाला. अशाच एका रोग्याचं हृदय कापताना त्याची सुरी कशावर तरी कर्रकन घासली. छताचा गिलावा पडला की काय म्हणून त्यानं चक्क वर पाहिलं! गिलावा नव्हता, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कॉरोनरी धमन्याच हाडासारख्या कडक झाल्या होत्या. त्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. या धमन्या चरबीत बुडालेल्या असतात, मग आधी चिरफाड करणाऱ्यांच्या नजरेतून त्या सुटल्या तर नसतील?

पण हे जाहीर करायला तो कचरला. त्याचे गुरू जॉन हंटर यांनाच ही लक्षणं दिसत होती. गुरूला त्याचं मरण कुठल्या तोंडानं सांगणार? १७९३ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वादावादी झाली, हंटर कोसळले आणि गेले. त्यांच्या कॉरोनरी धमन्या कडकच निघाल्या.

थोडक्यात, जेन्नरच्या लेखी चरबी हा नुसता पडदा होता. बाजूला सारा आणि आत बघा.

एकोणिसाव्या शतकात काटा उलटा फिरला. १८१८ साली डब्लिनच्या जॉन चेनी यांनी एका रोग्याची गोष्ट छापली. त्याचा श्वास थांबायचा, हळूहळू सुरू व्हायचा, वाढायचा आणि पुन्हा थांबायचा. मेल्यावर हृदयाचं मांस चरबीत बदललेलं आढळलं. १८५४ साली डब्लिनच्याच विल्यम स्टोक्स यांनी या श्वासाचा संबंध 'फॅटी हार्ट'शी जोडला. मधल्या काळात, १८५० साली लंडनच्या रिचर्ड क्वेन यांनी एक महत्त्वाचं काम केलं होतं. हृदयावर वाढणारी चरबी वेगळी आणि स्नायूच्या आत होणारा चरबीचा बिघाड वेगळा, हे त्यांनी नीट मांडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच तिकिटात दोन बग होते, क्वेननी ते वेगळे केले!

विसाव्या शतकात धमनीत रक्ताची गुठळी होते हे पटत गेलं आणि लक्ष पुन्हा धमनीच्या आत गेलं. चरबीची फाईल बंद.

ती उघडली उंदराच्या एका नातेवाइकानं. १९८९ साली ब्रिटनमध्ये कॅरोलाइन पाँड आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या हृदयावरची चरबी तपासली. ती शरीरातल्या इतर चरबीपेक्षा जास्त वेगानं फॅटी ॲसिड सोडत होती. म्हणजे ती नुसती साठवण नव्हती. मग २००३ साली बायपासच्या रोग्यांच्या हृदयावरच्या आणि पायातल्या चरबीची तुलना झाली. हृदयावरच्या चरबीत दाह पेटवणारे पदार्थ कितीतरी जास्त निघाले आणि त्याचा बीएमआयशी संबंध नव्हता. मुख्य म्हणजे ही चरबी आणि कॉरोनरी धमनी यांच्यामध्ये भिंतच नाही. शेजाऱ्याचा धूर थेट आपल्या घरात! २००९ साली अमेरिकेतल्या 'मेसा' अभ्यासानं सीटी स्कॅनवर ही चरबी मोजली. ती जास्त असणाऱ्यांना पुढं हृदयविकार जास्त झाला, बीएमआय हिशेबात धरूनही.

म्हणजे पडदाच नाटकात काम करत होता! पण लगेच त्याला फाशी देऊ नका. ही चरबी प्रत्येकाला असते, हृदयाला इंधन आणि गादी पुरवते. ती एकटीच गुन्हेगार आहे असं सिद्ध झालेलं नाही. प्रश्न ती प्रमाणाबाहेर वाढली की येतो.

आता माझ्या डिस्टिंक्शनकडे वळू. २००४ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! ही मोजणी हृदयाची नव्हती, सगळ्या शरीराची होती. पण बीएमआय आपल्या लोकांची आतली चरबी लपवतो, हे त्यातून लख्ख दिसतं. जेन्नरच्या वेळी चरबीनं धमनी लपवली होती, आता आमच्या बीएमआयनं चरबी लपवली.

उपाय काय? गंमत म्हणजे स्टोक्सनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की दुबळ्या हृदयाच्या रोग्याला बेतानं चालवा, अगदी डोंगराळ भागातसुद्धा. आणि २०१९ साली डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात पोट सुटलेल्या, व्यायाम न करणाऱ्या लोकांना १२ आठवडे व्यायाम दिला. हृदयावरची चरबी दमसासाच्या व्यायामानं ३२ टक्के आणि वजनं उचलून २४ टक्के घटली.

असो. उद्या सकाळी सिंहगड. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खायची की नाही, यावर अजून विचार चालू आहे.