गलार्बुद व शोथ : प्राचीन लक्षणांची मर्यादा

कर्करोग आमच्या पूर्वजांस ठाऊक होता काय, हा प्रश्न कोल्हापुरांतील वैद्यांत व संस्कृतज्ञांत आम्हीं अनेकदां ऐकिला आहे. एक पक्ष ‘अर्बुद’ हा शब्द दाखवून सर्व कांहीं सुश्रुतांत आहे असें म्हणतो. दुसरा ग्रंथ न उघडतांच तो शब्द निरर्थक ठरवितो. मूळ लक्षणें शेजारीं ठेवून पाहण्याचे श्रम दोघेही घेत नाहींत. गळा व अन्ननलिका एवढ्याच स्थानापुरता हा वाद येथें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) सुश्रुताच्या निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायांत अर्बुदाचें लक्षण आहे. तें वाटोळें, स्थिर, मोठें, खोल मुळाचें, सावकाश वाढणारें, अल्प वेदनेचें व न पिकणारें असें सांगितलें आहे. यांतील शेवटचें पद निर्णायक होय. सूत्रस्थानांत शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या आहेत. म्हणजे पिकणें हा शोथाचा स्वाभाविक मार्ग. अर्बुद त्या मार्गानें जात नाहीं. त्याचें कारणही ग्रंथकार देतो : कफाचें व मेदाचें आधिक्य, दोषांची स्थिरता आणि त्यांचें ग्रथन. तथापि मांसार्बुदाच्या उत्पत्तींत त्यानें मुठीच्या प्रहारासारखा आघात सांगितला आहे, व आघातानंतर प्रथम सूज येते असेंही तेथेंच म्हटलें आहे. अर्बुद शोथाहून निराळें, परंतु त्याचा आरंभ सुजेंतून होऊं शकतो, असा याचा अर्थ आम्हीं करितों.

(२) सुश्रुतानें मुखरोग ६५ मानिले. त्यांत अर्बुद टाळूच्या रोगांत येतें. कंठाच्या १७ रोगांत त्या नांवाचा रोग नाहीं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत हीच संख्या ७५ होते, आणि उत्तरस्थानाच्या २१ व्या अध्यायांत ‘गलार्बुद’ हें नवें नांव आढळतें. हा ग्रंथ डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० मध्यें मुंबईस छापविल्यापासून महाराष्ट्रांतील अभ्यासकांस सुलभ झाला. जिभेच्या शेवटीं, कंठाच्या आरंभीं होणारी, स्थिर, तांबडी, वेदनारहित व न पिकणारी सूज, असें तेथील लक्षण आहे. येथें सूज व न पिकणें हीं दोन पदें एकाच ओळींत आलीं आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

(३) ‘कंठाच्या आरंभीं’ असें वाग्भट कां म्हणतो? आमच्या मतें याचें उत्तर सरळ आहे. तोंड उघडवून वैद्याची दृष्टि जेथवर पोंचे, तेथवरच त्याचें वर्णन पोंचलें. त्याखालील मार्ग ‘अन्नवह स्रोतस्’ या नांवानें ठाऊक होता. त्यास इजा झाली असतां अन्नद्वेष, वांति, तहान वगैरे होतात हेंही ठाऊक होतें. परंतु आंतील गांठ जिवंत मनुष्यांत कोणी पाहिलेली नव्हती. ती दृष्टि फार उशिरां आली. जर्मनींतील कुस्माउल यानें १८६८ मध्यें तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका मनुष्याच्या घशांतून सरळ नळी उतरवून अन्नमार्ग आंतून पाहिला. तेव्हां अन्ननलिकेच्या गांठींचें वर्णन प्राचीनांत शोधणें व्यर्थ, आणि तें नाहीं म्हणून त्यांस दोष देणें अन्याय्य होय.

(४) आतां अर्वाचीन मत पाहूं. जेथें दीर्घकाळ क्षोभ चालतो तेथें कर्करोग उद्भवतो, असें फिर्खो यानें १८६३ मध्यें प्रतिपादिलें. आमच्याकडे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४५ मध्यें सहकाऱ्यासह धोतराच्या कर्करोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. कंबरेस आवळलेल्या वस्त्राचा वर्षानुवर्षें होणारा घास हें त्याचें कारण. अन्ननलिकेसंबंधानें बॅरेट यानें १९५० मध्यें तिच्या बदललेल्या अस्तराकडे लक्ष वेधलें. जठरांतील आम्ल वारंवार वर येऊन होणाऱ्या शोथाचें तें फळ असून त्यांतून क्वचित् कर्करोग निघतो, हें पुढें ठरलें. आपल्या देशांत मात्र अन्ननलिकेचा नेहमीचा कर्करोग तिच्या मूळच्या अस्तराचाच असतो, व तंबाखू आणि मद्य हीं त्याचीं प्रमुख कारणें होत.

याहून विलक्षण एक विरळ गांठ आहे. वानेक यानें १९४९ मध्यें ती जठरांत वर्णिली; अन्ननलिकेंत ती अतिविरळ आढळते. ती दिसण्यांत अर्बुद, परंतु आंत शोथाच्या पेशींनीं भरलेली. काढून टाकिली असतां बहुधा प्रकरण संपतें. ती निव्वळ शोथाची प्रतिक्रिया होय असें दीर्घकाळ मानीत. पुढें २००८ मध्यें अशा अनेक गांठींच्या पेशींत एका विशिष्ट जनुकाचा विकार सांपडला, आणि ती खरें अर्बुदच असें मत बळावलें. शोथ कोठें संपतो व अर्बुद कोठें सुरू होतें, ही सीमारेषा सूक्ष्मदर्शक हातीं असूनही सरकली. मग डोळ्यांनीं व बोटांनीं ती आंखणाऱ्यांच्या ग्रंथांत आजचा कर्करोग जसाच्या तसा कसा सांपडावा? अर्बुद म्हणजे कर्करोग हें समीकरण आम्हांस मान्य नाहीं. त्या शब्दांत निरुपद्रवी व घातक अशा दोन्ही गांठी येतात.

(५) हा वाद केवळ शब्दांचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. ‘दुखत नाहीं, मग भय कसलें?’ असें म्हणून घांस अडकत असतांही महिनोन्महिने घरीं बसणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत. आणि शास्त्रांत औषध आहे असें सांगून त्यांस थांबविणारेही पाहिले आहेत. शास्त्र काय सांगतें? वेदना नसणें किंवा अल्प असणें हें अर्बुदाचें लक्षणच म्हणून तें सांगतें. तें अभयाचें चिन्ह नव्हे. रक्तार्बुद व मांसार्बुद हीं सुश्रुत असाध्य मानितो. उरलेल्यांतही जें पाझरतें, मर्मावर किंवा स्रोतसांत होतें, अथवा जागचें हलत नाहीं, तें वैद्यानें वर्ज्य करावें अशी त्याची आज्ञा आहे. अन्नमार्ग हा स्रोतसच होय. म्हणजे ज्या ग्रंथाच्या बळावर रोग्यास थांबविलें जातें, तोच ग्रंथ येथें आपले हात टेकितो. जेथें सुश्रुतानें हात टेकिले तेथें आज दुर्बीण पोंचते, आणि वेळीं पोंचली तर पुष्कळदां उपायही पोंचतो. सुश्रुताचा मान राखावयाचा तर त्यानें स्वतः आंखलेली मर्यादा आधीं वाचावी, आणि गिळण्यास अडथळा होणाऱ्या मनुष्यास त्याच दिवशीं रुग्णालयाची वाट दाखवावी.