जर ल्यालेली छापील चित्रे

छापील चित्रांचा इतिहास लिहिताना चित्रकार आणि छापखाना यांची नावे घेतली जातात आणि विषय तिथेच संपतो. चित्र घरी पोहोचल्यावर त्याचे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. दगड तयार झाले की एकाच लक्ष्मीच्या असंख्य प्रती निघत. देवी घरोघर आली, पण सर्वत्र सारखीच!

या सारखेपणाला स्त्रियांनी कात्री आणि खळ यांनी उत्तर दिले. छापील साडीवर साटीनचा तुकडा, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी. चेहरा व हात मात्र छापील तसेच उघडे. फुगीर वस्त्रातून डोकावणारा तो सपाट चेहरा आज काहीसा विचित्र वाटतो. पण हजारांतील एक प्रत त्यामुळे एकमेव झाली. जात्यावरच्या ओवीत प्रत्येकीने आपली भर घातली, तशीच ही भर. ओव्यांचे पाठभेद आम्ही मराठीचे अध्यापक आवर्जून नोंदवतो. हे पाठभेद मात्र नोंदीविना राहिले.

महाड-पोलादपूर परिसरात तर ही नोंद तातडीची आहे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये महाड शहरात पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा पाण्यात खळ सुटते, कापडाचा रंग कागदात उतरतो, कागद काचेला चिकटतो. पूर चुकला तरी खळीच्या वासाने कसर येतेच. मळवलीच्या छापखान्यालाही १९७२ साली आग लागली. तेव्हा मूळ स्रोताचा भरवसा धरण्यात अर्थ नाही.

अलीकडे जुनी चित्रे कापून शुभेच्छापत्रे, पेट्या, दिव्यांच्या छत्र्या सजवण्याची हौस वाढली आहे. तिला आमचा विरोध नाही. आपल्या पणज्यांनीही कात्री चालवलीच होती. मात्र त्यांच्या हाती बाजारातला नवा माल होता, आपल्या हाती उरलेली प्रत आहे. म्हणून आधी चित्राची स्वच्छ प्रतिमा घ्यावी आणि कात्री छापलेल्या नकलेवर चालवावी. रविवर्मांचे निधन १९०६ साली झाले. त्यांच्या चित्रांच्या नकला करण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी उरलेली नाही.

आणि ती जर कोणी लावली, हे घरात अजून कोणाला ठाऊक असेल, तर तिचे नाव चित्राच्या नोंदीत आजच लिहून ठेवावे.