अस्थिसंधिदाह : लांब रोगनामांचे सांधे

सुरतेच्या कतारगामात एखाद्या खानदेशी वृद्धेला वैद्य ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ असे सांगतो, तेव्हा गुडघ्यापेक्षा नावाचीच धास्ती अधिक वाटते. वास्तविक हे नाव तीन ग्रीक तुकड्यांचे आहे : ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्र म्हणजे सांधा आणि शेवटी आयटिस. प्राचीन ग्रीकमध्ये हा प्रत्यय ‘अमक्या अवयवाचा’ एवढेच सांगे; दाह हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

उच्चारात मात्र हे तुकडे जागेवर राहत नाहीत. ऑस्–टि–ओ–आर्–थ्राय्–टिस् असे सहा खंड पडतात. सांध्याचा ‘थ्र’ शेपटाच्या ‘आय’ला जाऊन मिळतो आणि अर्थाचा जोड खंडाच्या पोटात दडतो. मराठी ‘अस्थिसंधिदाह’ म्हणून पाहा : अस्–थि–सन्–धि–दाह्. येथे प्रत्येक जोड खंडाच्या सीमेवरच येतो. लेखनही खूण देते. एकटे असताना ‘अस्थी’, ‘संधी’ दीर्घ, समासात पुढे शब्द येताच ऱ्हस्व. (शाळेत ज्याचा आपण कंटाळा केला, तो हाच नियम.) शिवाय ‘अस्थी’ आणि ग्रीक ‘ऑस्टिऑन’ एकाच मुळाचे, ‘यकृत’ आणि ‘हेपार’ही तसेच. ग्रीक नाव तेवढे शास्त्रीय आणि आपले कृत्रिम, हा युक्तिवाद म्हणूनच पटत नाही.

या घडणीला इतिहास आहे. मुंबईत 1826 साली देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी शाळा निघाली. ती 1832 मध्ये बंद पडली. 1845 चे ग्रँट मेडिकल कॉलेज इंग्रजी माध्यमाचे, परंतु 1861 मध्ये तेथे मराठी आणि गुजराती वर्ग शेजारी शेजारी उघडले. मराठी वर्गात शिकविणाऱ्यांपैकी डॉ. सखाराम अर्जुन यांनी ‘वैद्यतत्त्व’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या सावत्र कन्या डॉ. रखमाबाई लंडनहून वैद्यकीय शिक्षण घेऊन 1895 मध्ये सुरतेच्याच स्त्री-रुग्णालयात आल्या आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांनी सुरतेत रुग्णसेवा केली. मराठी वैद्यकाचा सुरतेशी संबंध असा जुना आहे.

गुजरातीने आपला मार्ग निवडला. आपण ‘रक्तदाब’ असा समास करतो, ती ‘लोहीनुं दबाण’ असे सुटे म्हणते, तेही सुबोधच. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. मग ज्या कागदावर रुग्णाचा अंगठा घेतला जातो, त्यावर गुजराती नावाखाली ‘अस्थिसंधिदाह, म्हणजे सांध्यांची झीज व सूज’ एवढी एक मराठी ओळ छापण्यास अडचण कोणती?