डब्यातली विद्या अपुरी पडते

आंतरसांस्कृतिक संवाद या विषयात एम.ए. करायचं म्हटलं, की डोंबिवलीत ठरलेलं उत्तर मिळतं : 'त्याला कॉलेज कशाला? सकाळची फास्ट लोकल पकड.' युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. डब्यात कच्छी दुकानदार, तमिळ अकाउंटंट, उल्हासनगरचा सिंधी तासभर एकमेकांना रेटत उभे असतात. भांडतात, जुळवूनही घेतात. ठाण्यात तर बेने इस्राएल ज्यूंचं सिनेगॉग १८७९ पासून उभं आहे. मग परक्यांशी बोलायला आम्हाला कोणी शिकवावं?

यावर पहिली साक्ष सांगलीजवळच्या कुपवाडची. भाषेचे अभ्यासक जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा या गावावरचा निबंध १९७१ साली आला आणि भाषाशास्त्रात गाजला. कन्नड, मराठी, उर्दू इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. वाक्यरचना इतक्या जवळ आल्या, की शब्दाला शब्द लावत एकीतून दुसरीत जाता यावं. तरी घरची भाषा कोणी सोडली नाही. चव्हाट्यावर मराठी, उंबऱ्याच्या आत आपापली. सहवासाने कामापुरतं जुळतं ते असं. आपलं बोलणं समोरच्याला का खटकलं, हे मात्र सहवास सांगत नाही.

हेच गम्पर्झ पुढे लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या उपाहारगृहात पोहोचले. तिथे वाढणाऱ्या भारतीय आणि पाकिस्तानी बायका उर्मट आहेत, अशी तक्रार होती. मांस घेणाऱ्याला ग्रेव्ही हवी का, हे विचारताना इंग्रज बाई 'ग्रेव्ही' हा एकच शब्द चढत्या सुरात म्हणे. या बायका उतरत्या सुरात. ऐकणाऱ्याला त्यात प्रश्न ऐकूच येत नसे, 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असं वाटे. ध्वनिमुद्रण ऐकवलं तरी त्यांना आधी फरक कळेना. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी दाखवून दिला तेव्हा कळला. इंग्रजांच्या रोजच्या सहवासात असूनही! या कामावर बीबीसीने १९७९ साली 'क्रॉसटॉक' हा माहितीपट केला.

शिवाय लोकलमध्ये कोणी कोणाला नोकरी देत नाही, की औषध लिहून देत नाही. खरी गाठ पडते ती ऑफिसात आणि दवाखान्यात. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसातून जर्मनीशी मीटिंग चालते, मॅनेजरसमोर ज्युनिअर 'हे जमणार नाही' म्हणत नाही आणि पलीकडचा त्याची चुप्पी होकारात मोजतो. मुरबाड-शहापूरची कातकरी आई डॉक्टरांच्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलावते. केसपेपरवर 'समजावून सांगितले' एवढं उमटतं. यात दोष कोणाच्याच स्वभावाचा नाही, आणि नेमकं काय बिनसलं ते हुडकणं हे शिकूनच येणारं काम आहे.

एक मात्र पूर्वपक्षाला देऊन टाकतो. गीर्ट हॉफस्टेडे यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून देशादेशांच्या संस्कृतींना गुण दिले. ते तक्ते पाठ करून 'जपानी असे, जर्मन तसे' शिकवणारे वर्ग निव्वळ पैसे उकळतात. त्यापेक्षा डबा बरा.

नोकरीचं म्हणाल, तर या नावाची जागा जाहिरातीत क्वचितच दिसते. नर्सिंग, एचआर, कायदा, समाजकार्य किंवा एखादी परदेशी भाषा हाताशी असेल, तर ही पदवी कामाला येते. नुसती घेऊन बसाल तर पोट भरणार नाही. आणि प्रवेश घेण्याआधी एवढं जरूर विचारा : खऱ्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकून, सूर आणि थांबे टिपून लिहून काढायला इथे लावतात का? नसतील लावत, तर फी भरू नका.